दुपार सांभाळणारा मुलूख

१९ मे २०१६ रोजी राजस्थानातल्या फलोदी या गावी ५१.० अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. भारतात अधिकृतपणे मोजलेलं हे आजवरचं सर्वोच्च तापमान. त्याआधीचा उच्चांक अलवरचा होता, १० मे १९५६चा, ५०.६ अंश. साठ वर्षं टिकलेला तो आकडा मोडला आणि जोधपूर-जैसलमेर रेल्वेमार्गावरचं एक गाव एका दिवसात देशभर गाजलं. तोवर त्याची ओळख होती ती मिठागरांसाठी आणि शेजारच्या खीचनला हिवाळ्यात उतरणाऱ्या हजारो कुरजां क्रौंचांसाठी.

हिवाळ्यातलं राजस्थान मराठी पर्यटकांना चांगलं माहीत आहे. दिवाळीच्या सुट्टीपासून जानेवारीपर्यंत जैसलमेरच्या गल्ल्यांत मराठी सर्रास कानावर पडतं. मे महिन्यात मात्र हॉटेलांचे दर उतरतात, वाळूवरचे तंबू गुंडाळले जातात, पाहुणे निघून जातात. मागे राहतात ती तिथली माणसं. मला त्यांनाच भेटायचं होतं. इतक्या कडक, कोरड्या उन्हात राहण्याबद्दल त्यांचं स्वतःचं म्हणणं काय, हे विचारायचं तर ते ऊन अंगावर असतानाच विचारायला हवं. म्हणून नवतपा लागायच्या सुमारास मी जोधपूरला उतरले. सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तेव्हाचे, साधारण २५ मेपासूनचे नऊ दिवस म्हणजे नवतपा. हे दिवस चांगले तापले तर पाऊस चांगला होतो, असं मारवाडातले शेतकरी मानतात. रोहिणी आणि मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

जोधपूरहून फलोदी सुमारे १४० किलोमीटर. ओसियां मागे पडलं की शेतं विरळ होत जातात. बांधाबांधावर खेजडीची झाडं तेवढी हिरवी असतात. सकाळचे दहा वाजले आणि रेल्वेच्या डब्यातल्या माणसांनी एकेक करून खिडक्या ओढून घेतल्या. मुंबईच्या लोकलमध्ये आपण वाऱ्यासाठी दाराशी उभे राहतो. इथे वारा आत येऊ नये म्हणून धडपड. समोरच्या गृहस्थांनी गमछा भिजवून कानावरून घट्ट बांधला आणि मलाही ओढणी तशीच बांधायला लावली. ‘बाईसा, आधी कान,’ ते म्हणाले, ‘लू कानातून शिरते.’

लू म्हणजे पश्चिमेकडून येणारा तो कोरडा, तापलेला वारा. त्याचं गणित समजून घेतलं की तिथल्या साऱ्या चालीरीती समजतात. माणसाच्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून तापली की वारा अंगातली उष्णता काढून नेण्याऐवजी अंगात भरत राहतो. अशा वेळी शरीराकडे एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. कोरड्या हवेत तो झपाट्याने वाळतो, म्हणून ४३ अंशांतही मुंबईसारखी चिकचिक होत नाही. पण घाम दिसत नाही याचा अर्थ तो येत नाही असा नव्हे. कष्टाचं काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी उडून जातं आणि अंगातला सदरा कोरडाच राहतो. वाळवंटातला धोका असा न कळता येतो. तहान लागायची वाट न पाहता पाणी पिणं हा इथला पहिला धडा. आई तो मुलाला चालायला शिकवतानाच देते.

फलोदीचा बाजार सकाळी लवकर उघडतो. भाजी, दूध, किराणा, सोनाराचं दुकान, सगळीकडे आठ वाजता गर्दी असते. बाराच्या आत शटर उतरू लागतात. एक ते चार या वेळात मुख्य रस्त्यावरसुद्धा माणूस दिसत नाही. पाच-साडेपाचला गाव पुन्हा जागं होतं आणि रात्री उशिरापर्यंत जागं राहतं. कापडाचं दुकान चालवणाऱ्या एका वयस्कर काकोसांनी मला ओसरीत बसवून ताक दिलं. त्यांचं आयुष्य याच गावात गेलं, धाकटा भाऊ भिवंडीत कापडाच्या धंद्यात आहे. ‘मी त्याच्याकडे जुलैत गेलो होतो,’ ते सांगू लागले. ‘तीस अंशांत माझा जीव घाबरा झाला. अंग पुसावं तर टॉवेल ओला, गादी ओली, भिंत ओली. आमचं ऊन कडक आहे, पण ते सावलीत येत नाही. भिंतीच्या या बाजूला ऊन, त्या बाजूला आराम. तुमच्या मुंबईत सावलीलाही आराम नाही.’

काकोसांच्या बोलण्याला शास्त्राचा आधार आहे. हवेत ओल नसली की सावलीला खरी किंमत येते, माठातलं पाणी थंड होतं, वाळ्याचा पडदा काम करतो. विदर्भातल्या वाचकांना कूलरचं महत्त्व सांगायला नको. नागपूर-अकोल्यात जो कूलर मे महिन्यात खोली गारेगार करतो तोच मुंबईत निव्वळ दमट वारा फेकतो. थरच्या वाळवंटात पंचेचाळीस अंशांची कोरडी हवा ओल्या जाळीतून आली की पंधरा अंशांनीही उतरू शकते. रात्रीही तेच. आकाश निरभ्र, हवेत बाष्प नाही, त्यामुळे दिवसभर तापलेली वाळू सूर्य मावळल्यावर भराभर निवते. जैसलमेरात मे महिन्यातली दुपार सरासरी बेचाळीसच्या आसपास असते आणि पहाट पंचवीस-सव्वीसच्या. लोक गच्चीवर खाटा टाकतात आणि पहाटे पांघरूण ओढून घेतात.

मिठागरांवरच्या कामगारांचं म्हणणं मात्र काकोसांसारखं नव्हतं. फलोदीजवळ जमिनीखालचं खारं पाणी उपसून वाफ्यांत वाळवतात. पांढऱ्या मिठावरून ऊन उलटं डोळ्यांत घुसतं. तिथे सावलीला झाड उभं राहत नाही. मी सकाळी सातला पोचले तेव्हा त्यांचं निम्मं काम उरकलं होतं. पहाटे चारला सुरुवात, दहाला बंद. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा पाय धूत होता. ऊन सोसवतं का, असं विचारल्यावर त्याने मुकादमाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, ‘दहाला सोडलं तर सोसवतं. गाडी भरायची असली की सोडत नाहीत. मग नाही सोसवत.’

थरमध्ये मी जितक्यांना भेटले त्यांतल्या बहुतेकांचं उत्तर मुळात असंच होतं. कुणी ते अभिमानाने सांगितलं, कुणी रागाने. ऊन किती आहे याहून सावली, पाणी आणि दुपारची विश्रांती आपल्या हातात आहे का, यावर त्यांचं सारं ठरत होतं.

पाण्याची गोष्ट आधी सांगायला हवी. फलोदीहून पोकरणकडे जाताना रस्त्यापासून आत एका ढाणीवर थांबले. ढाणी म्हणजे शेतातली चार-पाच घरांची वस्ती. मातीच्या जाड भिंती, वर बाजरीच्या ताटांचं आणि गवताचं गोल छप्पर. घरापुढे चुन्याने लिंपलेलं, मध्याकडे उतरतं केलेलं मोठं गोल अंगण आणि त्याच्या मधोमध झाकण असलेलं तोंड. हा टांका. पावसाचं पाणी त्या अंगणावरून वाहत खालच्या हौदात उतरतं. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. जैसलमेर भागात वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरचं अंगण स्वच्छ ठेवलं तर कागदावर वीस हजार लिटर होतात. काही वाफ, काही मातीत, तरीही एका कुटुंबाची पिण्याची बरीचशी सोय लागते. उघड्यावर मात्र पाणी टिकत नाही. या भागात वर्षभरात दोन हजार मिलिमीटरच्या घरात बाष्पीभवन होऊ शकतं, म्हणजे पडणाऱ्या पावसाच्या कितीतरी पट. म्हणून टांक्याला झाकण आणि झाकणाला कुलूप.

त्या घरातल्या माजीसांनी कुलूप उघडून पोहरा सोडला आणि मला पाणी पाजलं. टांक्याच्या अंगणात चपला घालून कुणी जात नाही, पावसाळ्यापूर्वी सगळं घर मिळून ते झाडून-पुसून घेतं. हे सांगताना त्यांचा स्वर देवघराबद्दल बोलावा तसा होता.

पाण्याचे तीन प्रकार ही माणसं मानतात. आकाशातून पडलेलं ते पालर पाणी, खोल जमिनीतलं ते पाताळ पाणी आणि या दोघांच्या मधलं रेजाणी पाणी. तिसरं थरचं खास. काही ठिकाणी वाळूच्या खाली जिप्समचा किंवा खडूसारख्या मातीचा थर आहे. पाऊस वाळूत मुरतो, या थरावर अडतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. अशा जागी अरुंद कुई खणतात आणि झिरपून जमणारं गोडं पाणी रोज थोडं थोडं काढतात. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूँदें’ या पुस्तकात ही सारी विद्या नोंदवून ठेवली आहे. वाळवंट समजून घ्यायचं असेल त्याने ते पुस्तक जरूर वाचावं.

जिप्समचा हाच थर उलटतोही. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात काही दिवसांत वर्षाच्या दुपटीहून अधिक पाऊस कोसळला. कवास आणि आसपासची गावं बुडाली, शंभरावर माणसं गेली. आणि खाली जिप्सम असल्यामुळे पाणी कित्येक महिने हललंच नाही. वाळवंटात पुराने माणसं मरावीत याचा तिथल्या लोकांच्या मनावरचा आघात अजून ओसरलेला नाही. बाडमेरचा एक ट्रकचालक म्हणाला, ‘उन्हाची आम्हाला तयारी आहे, पाण्याची नव्हती.’

जैसलमेर ११५६ मध्ये रावळ जैसलने वसवलं. त्रिकूट टेकडीवरचा पिवळ्या वालुकाश्माचा किल्ला आजही राहता आहे. काही हजार माणसं त्याच्या आत घरं करून राहतात. २०१३ मध्ये राजस्थानातल्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. मे महिन्यातल्या भर दुपारी त्याच्या गल्ल्यांत शिरलं की बांधणाऱ्यांची बुद्धी अंगाला जाणवते. गल्ल्या इतक्या अरुंद की ऊन जमिनीपर्यंत पोचतं ते जेमतेम माध्यान्हीला. वरच्या मजल्यांचे झरोके पुढे काढलेले, एकाची सावली दुसऱ्याच्या भिंतीवर पडेल असे. दगडाच्या जाड भिंती दिवसाची उष्णता आत पोचवायला इतका वेळ घेतात की ती पोचेपर्यंत रात्र होते आणि घरातली माणसं गच्चीवर गेलेली असतात. दगडी जाळीच्या बारीक छिद्रांतून वारा वेगाने आत येतो, प्रकाश मात्र निम्माच. किल्ल्याबाहेरच्या पटवों की हवेलीतल्या कोरीवकामाचे फोटो सगळे काढतात. मे महिन्यात त्या कोरीवकामाखाली उभं राहावं, म्हणजे त्याचा उपयोग कळतो: खाचाखोचांनी भरलेल्या भिंतीचा बराच भाग स्वतःच्याच सावलीत राहतो.

या किल्ल्याला उन्हाने धक्का लावला नाही, पाण्याने लावला. पूर्वी बायका गडीसर तलावावरून डोक्यावर घागरी आणत. पाणी मोजून वापरलं जाई. घरोघर नळ आले, सांडपाणी वाढलं आणि गळक्या गटारांतून ते टेकडीच्या मऊ थरांत झिरपत राहिलं. बुरूज खचले, भिंती ढासळल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये जोरदार पावसात बाहेरच्या तटाचा एक भाग कोसळला. किल्ल्यात राहणारी एक शिक्षिका मला म्हणाली, ‘आजी तीन घागरींत घर चालवायची, तेव्हा किल्ला उभा होता, पण आजी वाकली होती. मला नळ हवाच. गटार नीट हवं, एवढंच.’ इतकं समंजस मत मी त्या प्रवासात दुसरं ऐकलं नाही. जुन्या शहाणपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी त्या वाकलेल्या पाठीची आठवण ठेवायला हवी.

नवं बांधकाम जुन्यापासून शिकू शकतं याचा एक उत्तम नमुना जैसलमेरहून समच्या वाटेवर कनोई गावी आहे. राजकुमारी रत्नावती कन्याशाळा ही अमेरिकन वास्तुरचनाकार डायना केलॉग यांनी आखलेली अंडाकृती इमारत. स्थानिक पिवळा दगड, स्थानिक कारागीर, आत चुन्याचा गिलावा, उंच खिडक्या, वारा खेळवणारी जाळीची भिंत, पावसाचं पाणी साठवण्याची सोय. एसी नाही. उन्हाळी सुट्टीमुळे शाळा बंद होती, पण तिच्या भिंतीच्या सावलीत शेळ्या बसल्या होत्या आणि राखणदार गाढ झोपला होता. तिथून पाच मिनिटांवर सिमेंटच्या चौकटीवर पत्रे टाकलेलं एक दुकान होतं. दुकानदार आत बसू शकत नव्हता म्हणून बाहेर खाट टाकून बसला होता. पत्रा का घातला, यावर त्याचं उत्तर प्रामाणिक होतं: ‘स्वस्त आणि लवकर. दगडाचं छत घालणारे कारागीर आता मिळत नाहीत.’

खाण्यापिण्याचीही रचना अशीच उन्हाभोवती झाली आहे. बाजरीचं पीठ ताकात शिजवून केलेली राबडी सकाळी पितात, ती पोटात थंड आणि दुपारपर्यंत पुरते. केर, सांगरी, कुमट, गुंदा या झाडाझुडपांची फळं-शेंगा वाळवून ठेवतात, कारण हिरवी भाजी उन्हाळ्यात मिळायची नाही. सांगरी ही खेजडीची शेंग. खेजडी म्हणजे आपल्याकडची शमी, दसऱ्याला पुजतो ती. मे महिन्यात बाकी झाडं करपलेली असताना हिला नवी पालवी फुटते. तिची मुळं फार खोल जातात, पाला जनावरांना, शेंग माणसाला, सावली दोघांनाही. तिच्याखाली बाजरी अधिक चांगली येते. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजाची माणसं ही झाडं तोडायला आली तेव्हा अमृतादेवी बिश्नोईंनी झाडाला मिठी मारली. त्यांच्यासह ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले. थरमधली सावली किती महाग आहे, हे या इतिहासावरून समजतं. १९८३ पासून खेजडी राजस्थानचा राज्यवृक्ष आहे.

ढाणीवरच्या त्या माजीसांच्या सुनेला मी स्वयंपाकघरात गाठलं होतं. सासू आणि काका मंडळींसमोर ती फारसं बोलली नव्हती. चुलीपुढे बसून सोगरे, म्हणजे बाजरीच्या भाकरी, थापताना बोलली. ‘दुपारी सगळे झोपतात, हे खरं. पण त्यांना जेवण लागतं ते दुपारीच. बाहेर पंचेचाळीस असेल तर इथे किती असेल, ते कुणी मोजायला येत नाही.’ गॅस आला आहे, पण सिलिंडर संपला की दुसरा महिनाभर येत नाही. नवरा सुरतेला, ती डोक्यावरून पदर न ढळू देता चुलीपुढे. वाळवंटातल्या जगण्याबद्दल बायकांना आणि पुरुषांना वेगवेगळं विचारलं तर दोन वेगळे मुलूख समोर येतात. आजवर लिहिणाऱ्यांनी बहुतेक ओसरीतल्या पुरुषांचंच ऐकलं आहे.

जैसलमेरच्या ईशान्येला मोहनगड. इथे चित्र पालटतं. पंजाबात सतलज-बियासच्या संगमावर हरिके बंधारा आहे. तिथून निघालेला इंदिरा गांधी कालवा ६४९ किलोमीटर वाहत इथवर येतो. अभियंता कंवर सेन यांनी १९४८च्या सुमारास त्याची कल्पना मांडली, १९५८ मध्ये काम सुरू झालं आणि १९८७ मध्ये पाणी जैसलमेर जिल्ह्यात पोचलं. वाळूत गहू, मोहरी, भुईमूग डोलू लागले. श्रीगंगानगरकडून येऊन इथे जमीन घेतलेल्या एका शेतकऱ्याने अभिमानाने आपलं शेत दाखवलं. ‘वडील आले तेव्हा इथे फक्त टेकड्या होत्या. आज माझी मुलगी कोट्याला शिकते,’ तो म्हणाला. कालव्याने लाखो माणसांचं आयुष्य सावरलं आहे, यात शंका नाही.

त्याची किंमतही मोठी आहे. जिथे खाली कठीण थर आहे तिथे पाणी मुरलं नाही, जमीन पाणथळ आणि खारी झाली. लोक त्याला सेम म्हणतात. डास आले. १९९४ मध्ये पश्चिम राजस्थानात मलेरियाची मोठी साथ आली. आणि हवेत ओल आली. कालव्याकाठच्या गावांत एकच वाक्य मी अनेकदा ऐकलं: ‘आता घाम वाळत नाही.’ हे बोलणं हलक्यात घ्यायचं कारण नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापीचं तापमान ३५ अंशांवर गेलं तर धडधाकट माणूसही सावलीत बसून काही तासांपलीकडे जगू शकत नाही, असं शास्त्रज्ञ मानतात. प्रत्यक्षात धोका त्याच्या खालीच सुरू होतो. सिंधमधलं जेकबाबाद हे सिंधूच्या कालव्यांनी भिजलेलं शहर जगातल्या त्या मोजक्या ठिकाणांपैकी आहे, जिथे ही मर्यादा काही काळ ओलांडली गेली आहे.

दरवर्षी उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी कालवा बंद होतो. ही नहरबंदी आली की जोधपूरसारख्या शहरांत पाण्याचे वार ठरतात, खेड्यात टँकर फिरतात. ज्या ढाण्यांनी टांके राखले त्यांना त्या दिवसांत फरक पडत नाही. ज्यांनी नळ आला म्हणून टांक्यात कचरा टाकला त्यांना पडतो.

फलोदीजवळच्या भडल्याला ऊन हेच पीक आहे. तिथल्या सौरउद्यानाची क्षमता २२४५ मेगावॅट, पसारा सुमारे १४ हजार एकर. जगातल्या मोठ्या सौरप्रकल्पांत त्याची गणती होते. वाळवंटाने देशाला वीज द्यावी, ही गोष्ट अभिमानाची आहे. पण सौरप्रकल्पांसाठी खेजडी तोडली जाते म्हणून बिकानेर भागात लोक आंदोलनाला बसले, आणि गावदेवतेच्या नावाने राखलेल्या ओरणांमधून जाणाऱ्या वीजवाहिन्यांविरुद्ध जैसलमेरचे पशुपालक उभे राहिले. माळढोक, इथला गोडावण, या तारांवर आदळून मरतो. सोलापूरच्या नान्नजमधून तो जवळजवळ नाहीसा झाल्याचं दुःख आपल्याला आहेच, त्याचा अखेरचा मोठा आसरा आता जैसलमेरचा हा टापू आहे.

उंटांचं काय झालं, तेही इथेच सांगायला हवं. उंट शरीराचं तापमान पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरू देतो आणि दुपारी ४१पर्यंत चढू देतो, म्हणून घामावर फारसं पाणी खर्च करत नाही. उन्हासाठी इतकं तयार असलेलं जनावर दुसरं नाही. तरी २०१२ मध्ये देशात सुमारे चार लाख असलेले उंट २०१९च्या पशुगणनेत अडीच लाखांवर आले. चराऊ राने घटली, शेतात ट्रॅक्टर आले. राईका समाजातल्या एका म्हाताऱ्या उंटपाळाचं म्हणणं थोडक्यात असं: जनावर उन्हाने मेलं नाही, कुंपणांनी मेलं.

या साऱ्यांची मतं एकत्र ठेवली तर निष्कर्ष स्पष्ट आहे. जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांत थरची गणना होते, आणि ते काही तिथल्या माणसांची कातडी वेगळी आहे म्हणून नव्हे. त्यांनी दुपार सांभाळली, भिंत जाड केली, पाण्याला कुलूप लावलं, झाडासाठी जीव दिला. ही घडी जिथे शाबूत आहे तिथे ४८ अंशांत संसार चालतो. जिथे ती मोडली, मिठागरात, पत्र्याच्या खोलीत, चुलीपुढे, तिथे तेच ऊन माणसाला खातं.

महाराष्ट्राने हे मनावर घ्यायला हवं. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला भर दुपारच्या उघड्यावरच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ माणसं गेली. त्या दिवशी त्या परिसरातलं तापमान चाळिशीच्या आतच होतं. फलोदीत त्या वेळेला कुणी लग्नाची वरातही काढत नाही. अहमदाबादने २०१०च्या मे महिन्यात, उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू पाहिले आणि २०१३ मध्ये देशातली पहिली शहरी उष्णता कृतीयोजना केली: आगाऊ इशारा, पाणपोया, दवाखान्यांची तयारी, कामाच्या वेळांत बदल. नागपूरसह अनेक शहरांनी तिचं अनुकरण केलं. पण योजना कागदावर असते आणि ऊन बांधकामाच्या स्लॅबवर, उसाच्या फडात, रस्त्याच्या डांबरावर, डिलिव्हरीच्या दुचाकीवर असतं.

यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहायची गरज नाही. तुमच्या इमारतीचं काम चालू असेल तर ठेकेदाराला एप्रिल-मे-जूनमध्ये बारा ते चार काम बंद ठेवायला सांगा आणि त्या तासांची मजुरी कापू देऊ नका. घर बांधत असाल तर छतावर चुना मारा, खिडकीवर छज्जा काढा, पश्चिमेला झाड लावा. दारापुढे माठ ठेवा. दुपारी पार्सल मागवणार असाल तर ते संध्याकाळी मागवा. आणि घरात दुपारचा स्वयंपाक कोण, कुठे, किती उन्हात करतं, ते एकदा उठून पाहा.